‘कोणाची हरकत नाही ना?’ असं विचारूच नका

पत्र

ताई, डोंबिवलीतल्या ३६ फ्लॅटच्या एका जुन्या सोसायटीची मी सचिव आहे. दुसरं कोणी तयार होईना म्हणून झाले. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या बैठका झूमवर सुरू झाल्या आणि तिथेच राहिल्या, कारण बरेच मालक आता इथे राहत नाहीत. कोणी पुण्यात, कोणी दुबईत, एक कुटुंब न्यू जर्सीत. सध्या लिफ्ट बदलण्याचा विषय आहे. त्यावर बैठकांवर बैठका झाल्या. दर वेळी ४० मिनिटांनी झूम बंद पडतं, मी पुन्हा लिंक टाकते आणि निम्मे लोक परत येत नाहीत. एक ज्येष्ठ काका माइक सोडत नाहीत, बाकीचे कॅमेरा बंद करून गप्प. गेल्या वेळी मी विचारलं, ‘मग नवी लिफ्ट घ्यायची, कोणाची हरकत नाही ना?’ कोणी काही बोललं नाही, म्हणून ठराव लिहिला. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर सात जण विचारायला लागले, ‘हे कधी ठरलं?’ आता पुढे पुनर्विकासाचीही कुजबुज आहे. तोही असाच ऑनलाइन घ्यायचा का? की राजीनामा देऊन मोकळी होऊ?
– वैतागलेली सचिव

उत्तर

सचिवबाई,

राजीनाम्याचं नंतर बघू. तुमच्या पत्रात मी अडखळले ती एका वाक्यावर: ‘कोणी काही बोललं नाही, म्हणून ठराव लिहिला.’ दुखणं तिथेच आहे.

‘मौनं संमतिदर्शनम्’ हा न्याय गच्चीवर खुर्च्या टाकून घेतलेल्या सभेत कसाबसा चालून जातो. तिथे माणसं दिसतात. कोणी नाक मुरडतं, कोणी शेजारच्याच्या कानात कुजबुजतं, कोणी उठून जिन्याकडे निघतं आणि अध्यक्षांच्या लक्षात येतं की इथे सगळं आलबेल नाही. स्क्रीनवर यातलं काही दिसत नाही. गप्प असलेल्यांपैकी एक खरोखर राजी असतो. दुसऱ्याचं नेट गेलेलं असतं. तिसरी फोन ओट्यावर ठेवून पोळ्या लाटत असते. चौथा तावातावाने बोलतोय, पण माइक बंद. पाचव्याला विरोध करायचाय, पण सगळ्यांसमोर वाईटपणा कोण घेणार? या पाचही जणांना तुम्ही ‘सर्वानुमते मंजूर’ या एकाच ओळीत बसवलंत. दुसऱ्या दिवशी सात जणांनी विचारलं यात नवल नाही. सातच कसे, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा पहिलं काम म्हणजे तो ठराव मागे घ्या. ‘मागच्या बैठकीत मत नीट घेतलं गेलं नाही, विषय पुन्हा घेत आहोत’ असं ग्रुपवर सरळ लिहा. त्यात कमीपणा काही नाही. उलट त्या सात जणांची अर्धी हवा तिथेच निघते.

दुसरं, ‘कोणाची हरकत आहे का’, ‘सगळ्यांना चालेल ना’, ‘मग असं करूया ना’ या तिन्ही प्रश्नांवर कायमची बंदी घाला. त्याऐवजी फ्लॅट क्रमांकाने पुकारा करा. ‘ए-१०१, नवी लिफ्ट की जुनीची दुरुस्ती?’ उत्तर तीनपैकी एक: नवी, दुरुस्ती किंवा तटस्थ. कारणं चर्चेच्या वेळी सांगून झालेली असतात, पुकाऱ्याच्या वेळी पुन्हा भाषण नाही. वेळ फार जाईल असं वाटेल, पण २० जण हजर असले आणि प्रत्येकाला १० सेकंद लागली तरी साडेतीन मिनिटांत आटोपतं. ज्याचं उत्तर आलं नाही त्याच्यापुढे ‘उत्तर आले नाही’ एवढंच लिहायचं. ‘संमत’ नाही. हा पुकारा दोन बैठकांत झाला की कॅमेरा बंद करून टीव्ही बघणाऱ्यालाही कळतं की आपलं नाव येणार आहे.

त्यासाठी आधी स्क्रीनवर कोण आहे ते कळायला हवं. झूमवर पुष्कळ जणांच्या नावाच्या जागी फोनचं मॉडेल दिसतं. ‘रेडमी नोट यांनी विरोध नोंदवला’ असं इतिवृत्तात लिहिणार का? बैठकीत शिरतानाच प्रत्येकाने ‘बी-३०२, आडनाव’ असं नाव करायचं. ज्यांना जमत नाही त्यांचं नाव बैठकीचा यजमान, म्हणजे होस्ट, बदलू शकतो. सुरुवातीची दोन मिनिटं सगळ्यांनी कॅमेरा सुरू ठेवावा, हजेरी झाली की हवा तर बंद करावा. पूर्ण वेळ चेहरा दाखवा असा आग्रह मी धरणार नाही. घरात पाहुणे असतात, कोणी अंथरुणाला खिळलेलं असतं, कोणाच्या फोनचा दिवसाचा डेटा संपत आलेला असतो. हजेरीच्या वेळी मात्र दाखवावा, कारण सभासदाऐवजी त्याचा मेहुणाच बसलाय असेही प्रकार घडतात.

आता एक मजेची गोष्ट. ऑनलाइन बैठकीला ज्या शिस्तीची सगळ्यात जास्त गरज आहे ती आपल्या मंडळांना, वाचनालयांना, पतपेढ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. विषयपत्रिका, मागचं इतिवृत्त वाचून कायम करणं, सूचक आणि अनुमोदक, मग मतदान. आपण झूमवर आलो आणि हे सगळं जुनाट म्हणून सोडून दिलं, गप्पा मारायला बसल्यासारखे बसलो. सूचक-अनुमोदक परत आणा. ठरावाचं वाक्य एकाने मांडायचं, दुसऱ्याने उचलून धरायचं. दोन माणसांना तोंड उघडून स्वतःचं नाव लावावं लागलं की ठराव हवेत राहत नाही.

आणि ठराव सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लिहा. स्क्रीन शेअर करा, कोरी फाइल उघडा, टाइप करा, वाचून दाखवा, मग पुकारा. सोसायट्यांच्या इतिवृत्तांत एक वाक्य हमखास सापडतं: ‘लिफ्टबाबत सविस्तर चर्चा झाली व योग्य ती कार्यवाही करण्याचे ठरले.’ यात काहीही ठरलेलं नसतं. त्याऐवजी कुठल्या कंपनीचं कोटेशन, रक्कम किती, पैसे कोणत्या निधीतून, प्रत्येक फ्लॅटला किती, वर्क ऑर्डर कोण आणि कोणत्या तारखेला देणार, हे लिहा. अक्षरं उमटताना दिसली की आतापर्यंत गप्प असलेला माणूस ‘एक मिनिट, एक मिनिट’ म्हणतोच. तो ‘एक मिनिट’ आज ऐकलेला बरा, ग्रुपवर उद्या वाचण्यापेक्षा.

तुमच्या ४० मिनिटांबद्दल. झूमच्या फुकट खात्यावर ही मर्यादा असते, गूगल मीटवर तिघांपेक्षा जास्त माणसं असली की ६० मिनिटं मिळतात. पैसे भरून वेळ वाढवायचा मोह होईल, तो टाळा असं मी म्हणेन. लिफ्टच्या एका विषयाला ४० मिनिटं भरपूर झाली. पुरत नाहीत याचं कारण बहुधा असं, की त्यातली २५ मिनिटं खजिनदार तीन कोटेशनं वाचून दाखवत असतील. वाचणं हे बैठकीचं काम नव्हे. जे कागदावर कळतं ते आधी पाठवायचं आणि ज्यावर माणसांचं एकमेकांशी बोलणं व्हायला हवं तेवढंच बैठकीत आणायचं.

म्हणजे चार दिवस आधी एकच पान तयार करा. त्यावर तिन्ही कोटेशनं शेजारी शेजारी: किंमत, हमी किती वर्षांची, एएमसीचा, म्हणजे देखभाल कराराचा, वार्षिक खर्च, आणि काम चालू असताना लिफ्ट किती दिवस बंद राहणार. हा शेवटचा रकाना कोटेशनमध्ये सहसा ठळक नसतो. कंपनीला फोन करून विचारा. चौथ्या मजल्यावर गुडघे दुखणाऱ्या आजी राहत असतील तर त्यांच्या लेखी किमतीपेक्षा तोच आकडा मोठा. अक्षरं फोनवर वाचता येतील एवढी ठेवा. ग्रुपवर टाकलेलं पान अर्ध्या तासात सुप्रभातच्या फुलांखाली गाडलं जातं, म्हणून ते पिन करा. व्हॉट्सॲपवर संदेश सात दिवस पिन ठेवता येतो, हवा तर तीस दिवसही. एक प्रत खाली नोटीस बोर्डावर. जे ग्रुप बघत नाहीत त्यांच्याकडे कमिटीतल्या कोणीतरी जाऊन यावं. लिंकही दर वेळी नवी करू नका, एकच कायमची ठेवा, म्हणजे बैठकीच्या वेळी ‘लिंक कुठाय?’ हा गजर होणार नाही.

सोबत लिहा, ‘प्रश्न शुक्रवार रात्रीपर्यंत सचिवांना कळवावेत.’ आणि इथे मला तुमच्या पत्रातलीच एक गोष्ट तुम्हाला दाखवायची आहे. तुम्ही म्हणता लिफ्ट बदलायची आहे आणि शेवटी सहज म्हणता की पुनर्विकासाची कुजबुज आहे. अहो, मग गप्प बसलेल्या सभासदांच्या मनात काय चाललंय ते स्पष्टच आहे की! चार-पाच वर्षांत इमारत पाडायची असेल तर आज नव्या लिफ्टला लाखो रुपये कशाला? हा प्रश्न जाहीरपणे विचारला तर पुनर्विकासवाला म्हणून शिक्का बसतो, न विचारला तर खिशातून पैसे जातात. म्हणून माणूस कॅमेरा बंद करतो. तुमच्या बैठका लांबल्या त्या काकांमुळे कमी आणि या न विचारलेल्या प्रश्नामुळे जास्त, असा माझा अंदाज आहे. तो तुम्हीच विषयपत्रिकेवर लिहा: ‘पुनर्विकास नजीकच्या काळात शक्य आहे का, आणि तसे असल्यास लिफ्टची केवळ आवश्यक दुरुस्ती करावी का?’ बघा, कॅमेरे आपोआप सुरू होतील.

वेळेचं गणित सोपं आहे. रविवारी संध्याकाळी साडेसहाला बैठक लावलीत तर दुबईत पाच वाजलेले असतात आणि न्यू जर्सीत उन्हाळ्यात सकाळचे नऊ. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत त्यांची घड्याळं एक तास मागे असतात, तेव्हा तिथे आठ. निमंत्रणात तिन्ही ठिकाणच्या वेळा लिहून टाका, लोकांना वजाबाकी करायला लावू नका. सात वाजून दहा मिनिटांनी बैठक संपते. आयपीएलच्या दिवसांत साडेसातचा सामना सुरू व्हायला वीस मिनिटं उरतात, हाही काही लहान फायदा नाही.

आता काका. प्रत्येक सोसायटीत एक असतात आणि बऱ्याचदा त्यांना इमारतीबद्दल खरोखर सगळ्यात जास्त माहीत असतं. त्यांचा माइक न सांगता बंद करणं म्हणजे भर सभेत त्यांच्या तोंडावर हात ठेवण्यासारखं आहे. ते करू नका. पुढची दोन वर्षं ऐकावं लागेल. आदल्या दिवशी त्यांना भेटा. म्हणावं, ‘काका, मागे लिफ्टचं मोठं काम निघालं तेव्हा किती दिवस गेले, काय अडचणी आल्या, हे तुमच्याइतकं कोणाला आठवत नाही. उद्या चर्चा तुम्हीच सुरू करा, तीन मिनिटं.’ ज्याला पहिला मान मिळतो त्याला मध्ये मध्ये तो हिसकावून घ्यावा लागत नाही. तरीही चौथ्या मिनिटाला ते १९९० पर्यंत मागे गेले तर थांबवायचं काम तुमचं नाही, अध्यक्षांचं आहे.

आणि तुम्ही तर बैठक चालवताय, लिहिताय, लोकांना आत घेताय, ‘काकू, तुमचा आवाज येत नाहीये’ हेही सांगताय. एका माणसाकडून हे होत नाही. अध्यक्षांनी चालवायची, तुम्ही फक्त लिहायचं, आणि तिसऱ्या कोणीतरी दार सांभाळायचं: आत येणाऱ्यांना घेणं, कोणी हात वर केलाय का, चॅटमध्ये काय लिहिलंय, कोणाकडून खरखर येतेय. इमारतीतला एखादा कॉलेजचा मुलगा किंवा मुलगी हे हसत करेल, सभासदांचं पोरगं असलं म्हणजे झालं. चॅटमधलं वाचून दाखवण्याचा हक्क त्यालाच द्या. बोलायला लाजणारे लोक तिथे लिहितात आणि ते कोणी वाचत नाही. एका घरातून दोन फोन लागले की आवाज घुमतो, तेव्हा एक बंद करायला सांगणंही त्याचंच काम.

काही जण सोसायटीच्या ऑफिसात एकत्र बसून आणि बाकीचे घरून, अशी मिश्र बैठक घेत असाल तर सावध राहा. ऑफिसातले पाच जण आपसात बोलतात, हसतात, चहा घेतात आणि दुबईवाल्याला फक्त छताचा पंखा दिसतो. ऑनलाइन असलेल्यांना आधी बोलू द्यायचं, ऑफिसातल्यांनी नंतर. ऑफिसात जो बोलेल त्याने लॅपटॉपजवळ येऊन बोलायचं. एवढं जमत नसेल तर खाली जमूच नका, सगळ्यांनी आपापल्या घरून बसा.

आणखी एक चोरवाट बंद करायला हवी: ‘अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ पार्किंग, कबुतरं, दुसऱ्या मजल्यावरची कुंडी, सगळं इथून आत शिरतं. नवा विषय फक्त मांडू द्या, चर्चा पुढच्या वेळी. तुम्ही तो लिहून घेतलाय हे मांडणाऱ्याला दिसलं पाहिजे, म्हणजे तो गप्प बसतो.

त्याच रात्री ग्रुपवर चार ओळी टाका: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, कोणाचं मत काय. पूर्ण इतिवृत्त मागाहून. फुकट झूमवर संगणकावर रेकॉर्डिंग करता येतं, पण आधी सगळ्यांना सांगून करा आणि ते इतिवृत्ताची जागा घेतं असं समजू नका. ४० मिनिटांचं रेकॉर्डिंग परत कोणी ऐकत नाही. ग्रुपवर वाद उकरला गेला तर उत्तर एकच द्या, ‘बदल हवा असल्यास लेखी द्यावा, पुढच्या विषयपत्रिकेत घेऊ.’ तिथे युक्तिवाद सुरू केलात की संपलात.

राहिला कायद्याचा भाग, आणि तो तुम्हाला फारसा आवडणार नाही. दर महिन्याची कमिटीची बैठक कुठे घेता हा सोयीचा प्रश्न आहे, पण लिफ्ट बदलण्याइतका खर्च हा सर्वसाधारण सभेचा विषय आहे. कमिटीला परस्पर किती खर्च करता येतो त्याची मर्यादा उपविधीत, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीत, दिलेली असते, ती काढून बघा. म्हणजे त्या ‘हरकत नाही ना’वर लिहिलेल्या ठरावाने तुम्हाला वर्क ऑर्डर देता आलीच नसती. ऑनलाइन बैठकीत पुकारा करून कल घ्या, पर्याय तीनवरून एकावर आणा आणि मग विशेष सर्वसाधारण सभा बोलावून रीतसर शिक्कामोर्तब करा. आदर्श उपविधींप्रमाणे तिची नोटीस पूर्ण पाच दिवसांची, वार्षिक सभेची चौदा दिवसांची. गणपूर्ती, म्हणजे सभेला किमान हजर हवेत एवढे सभासद, एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. तुमच्याकडे ३६ फ्लॅट, म्हणजे २० माणसं हवीत. ही सभा ऑनलाइन चालेल का, हे त्या वेळी लागू असलेलं परिपत्रक बघून ठरवा आणि सहकार खात्याच्या उपनिबंधक कार्यालयातून लेखी विचारून घ्या. ग्रुपवर आलेल्या फॉरवर्डवर जाऊ नका.

पुनर्विकासाची माहिती देणारी, शंका ऐकून घेणारी बैठक खुशाल ऑनलाइन घ्या, दोन-चार घ्या, न्यू जर्सीच्या कुटुंबालाही बोलू द्या. पण विकासक निवडायची सभा वेगळी. त्यासाठी राज्य सरकारचा ४ जुलै २०१९ चा, सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९(अ) खालचा शासन निर्णय आहे. दोन तृतीयांश सभासदांची गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती, निबंधकांच्या प्रतिनिधीची हजेरी आणि सभेचं चित्रीकरण, असं सगळं त्यात आहे. त्यानंतर काही सुधारणा झाल्या आहेत का तेही त्याच कार्यालयात विचारा. ती सभा झूमवर उरकायच्या फंदात पडू नका. नंतर कोणी कोर्टात गेलं तर पहिलं बोट सचिवाकडे जातं.

राजीनामा द्यायचाच असेल तर लिफ्ट झाल्यावर द्या. आणि त्या मुलाला दार सांभाळायला आजच विचारून ठेवा, परीक्षा सुरू झाल्या की तो मिळणार नाही.